वर्गातलं गणित, बाजारातलं गणित

आमच्या तालुक्याच्या गावी बुधवारी आठवडी बाजार भरतो. तिथल्याच एका माध्यमिक शाळेत मी गणित शिकवतो. आठवीतला माझा एक विद्यार्थी बुधवारी शाळा सुटली की दप्तरासकट थेट बाजार गाठतो आणि आईच्या शेजारी भाजी विकायला बसतो. एकदा मी त्याच्याकडून भाजी घेतली. दीड किलो टोमॅटो, 28 रुपये किलोने. पाऊण किलो वांगी, 60 रुपये किलोने. मी दोनशेची नोट पुढे केली. पोराने पिशवीला गाठ मारता मारता सांगितलं, "सत्त्याऐंशी झाले सर. सात रुपये सुट्टे हायत का? मग एकशेवीस देतो."

त्या एवढ्याशा बोलण्यात काय काय घडलं ते सावकाश बघा. 28 ची दीडपट 42. साठाचा पाऊण हिस्सा 45. दोन्ही मिळून 87. दोनशेतून 87 वजा केले की 113 उरतात, पण 113 परत द्यायचे म्हणजे चिल्लर शोधत बसावं लागणार. म्हणून त्याने माझ्याकडून सात रुपये वर मागितले आणि हिशेब 207 वजा 87 असा करून टाकला. शंभराची एक नोट, विसाची एक नोट, काम संपलं. माझ्यामागे तीन गिऱ्हाइकं उभी होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी फळ्यावर 28 × 1.5 लिहिलं आणि त्यालाच उठवलं. त्याने गुणाकार नीट मांडला, दशांश चिन्ह द्यायला विसरला आणि उत्तर लिहिलं 420. "बरोबर आहे?" मी विचारलं. "हो सर," तो म्हणाला. बाजारात दीड किलो टोमॅटोचे कुणी 420 रुपये सांगितले असते तर या मुलाने त्याला वेड्यात काढलं असतं. फळ्यावर मात्र त्याला त्यात काहीच खटकलं नाही.

मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. मुलगा हुशार आहे हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या वहीत मात्र त्याच्या नावापुढे 100 पैकी 31 गुण होते.

"नुसत्या शाळा-कॉलेजच्या शिक्षणावर माणूस व्यवहारात यशस्वी होतो का?" हा प्रश्न निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. एक तट म्हणतो, डिग्री घे, बाकी सगळं मागून येईल. दुसरा म्हणतो, शिकून कुणाचं भलं झालंय, बिल गेट्सने तर कॉलेज अर्धवट सोडलं. गेट्सचं उदाहरण देणारे हे विसरतात की हार्वर्ड सोडण्याआधी तो सिॲटलच्या ज्या खासगी शाळेत होता, तिथे 1968 साली मुलांना संगणकावर काम करायला मिळत होतं. तेव्हा जगातल्या किती शाळांत ते मिळत होतं? हे दोन्ही तट खऱ्या प्रश्नाला बगल देतात असं मला वाटतं. खरा प्रश्न असा आहे: एका जागी शिकलेली गोष्ट दुसऱ्या जागी कामाला येते ती कशी, आणि येत नाही ती का?

शिकलेलं आपोआप चालत जात नाही

जुन्या काळी लोकांची समजूत होती की लॅटिन, संस्कृत किंवा भूमिती असे अवघड विषय शिकले की मेंदूला व्यायाम होतो आणि मग तो कुठल्याही कामात चालतो. तालमीत दंड काढले की शेतातलं पोतंही सहज उचलतं, तसं. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1901 साली प्रयोग करून ही समजूत तपासली. त्यांना आढळलं की एका कामाचा सराव दुसऱ्या कामात फारच थोडा उतरतो. दोन कामांत जेवढं खरोखर सारखं असेल, जवळपास तेवढाच. या गोष्टीला सव्वाशे वर्षं होत आली, तरी आपला अभ्यासक्रम अजून त्या जुन्या समजुतीवरच उभा आहे.

याचं सर्वांत बोलकं चित्र ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात दिसलं. तेरेझिन्हा नूनेस, डेव्हिड कॅराहर आणि आनालुसिया श्लीमन या तिघांनी तिथल्या रस्त्यावर नारळ, पॉपकॉर्न वगैरे विकणाऱ्या 9 ते 15 वयाच्या पाच मुलांचा अभ्यास केला आणि तो 1985 साली प्रसिद्ध केला. संशोधक आधी गिऱ्हाईक बनून गेले. रस्त्यावर विचारलेल्या 63 हिशेबांपैकी 98 टक्के बरोबर आले. नंतर त्याच मुलांना तसेच आकडे कागदावर दिले. शाब्दिक उदाहरणं होती तिथे 74 टक्के बरोबर आले. नुसती 35 × 4 अशी मांडणी होती तिथे 37 टक्के.

त्यातला बारा वर्षांचा नारळवाला मुलगा माझ्या डोक्यातून जात नाही. 35 क्रुझेरोला (ब्राझीलचं तेव्हाचं चलन) एक नारळ, मग चार नारळांचे किती? रस्त्यावर तो म्हणतो: तीन नारळांचे 105, त्यात 30 म्हणजे 135, वर 5 म्हणजे 140. तोच हिशेब कागदावर: पाच चोक वीस, शून्य लिहिलं, हातचे दोन, दोन आणि तीन पाच, पाच चोक वीस. उत्तर 200. हातचे दोन आधी मिळवले आणि मग गुणले, एवढीच चूक. पण आपण हिशेब करतोय ते 35 च्या नारळांचे, आणि चार नारळांचे दोनशे होऊच शकत नाहीत, हे त्याला कागदावर जाणवलं नाही. रस्त्यावर 35 म्हणजे एक नारळ होता. कागदावर 3 आणि 5 असे दोन सुटे आकडे होते. अर्थ हाच त्याचा तपासनीस होता आणि कागदावर आल्यावर तोच तपासनीस घरी राहिला.

पाच मुलं म्हणजे नमुना फारच लहान, असं कुणी म्हणेल. ते रास्तच आहे. म्हणून 2025 साली 'नेचर' या नियतकालिकात आलेला अभ्यास महत्त्वाचा. अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ स्पेल्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या 1,436 मुलांना तपासलं. चित्र रेसिफेसारखंच निघालं. आठशे ग्रॅम अमुक, एक किलो चारशे ग्रॅम तमुक, दोनशेची नोट, परत किती, असले हिशेब ही मुलं बाजारात तोंडी करत होती. तेवढंच किंवा त्याहून सोपं गणित शाळेच्या साच्यात दिलं की अडत होती. ही पाठांतराची किमया नव्हती आणि शेजारच्याने उत्तर सांगितलं असंही नव्हतं. संशोधकांनी या शंका एकेक करून तपासल्या होत्या.

पण याच अभ्यासाचा दुसरा भाग आपण फारसा सांगत नाही. त्यांनी जवळच्या शाळांमधली, बाजारात कधीही न विकलेली 471 मुलंही तपासली. फळ्यावरची साधी गणितं त्यांना बाजारातल्या मुलांपेक्षा चांगली आली. बाजारातल्या एक तृतीयांशाहून जास्त मुलांनी जो व्यवहाराचा प्रश्न सोडवला, तो मात्र या शाळेतल्या मुलांपैकी फक्त एक टक्का मुलांना सुटला. ती मुलं कागदावर लांबलचक मांडणी करत राहिली, गुणाकार-बेरीज-वजाबाकी एकत्र कशी लावायची तिथे अडकली, आणि उत्तर आलंच तर गिऱ्हाईक निघून गेलं असतं इतक्या उशिरा.

म्हणजे पूल दोन्हीकडून तुटलेला आहे. शाळेतलं बाजारात जात नाही आणि बाजारातलं शाळेत येत नाही. "शाळेपेक्षा अनुभवाची शाळा मोठी" असं म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, कारण शाळेशिवाय त्या बाजारातल्या मुलाला पुढचे दरवाजे बंद आहेत. तो आयुष्यभर उत्तम हिशेब करील आणि आयुष्यभर त्याच पाटीवर बसेल.

शाळेतला प्रश्न आणि खरा प्रश्न

असं का होतं? माझ्या मते सगळ्यात मोठा फरक हा की शाळेत प्रश्न तयार मिळतो. त्यात लागतील तेवढेच आकडे असतात, एकही जादा नाही, एकही कमी नाही. धड्याच्या डोक्यावर "सरळव्याज" लिहिलेलं असतं, म्हणजे कुठलं सूत्र लावायचं हेही ठरलेलं. प्रत्यक्षात यातलं काहीच मिळत नाही.

विहिरीवरची मोटर चालू होत नाही एवढंच शेतकरी सांगतो. फ्यूज गेलाय, स्टार्टरमध्ये बिघाड आहे, वाइंडिंग जळलंय की लाइनच सिंगल फेज झालीय, म्हणजे तीन तारांपैकी एकीची वीज गेलीय? विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाला तीन फेजची आकृती काढता येते. जुना वायरमन आधी कान लावतो. मोटर नुसती गुणगुणतेय आणि फिरत नाही म्हटल्यावर तो पहिला संशय फेजवर घेतो. एक फेज गेला की मोटरला सुरू व्हायला लागणारा पीळ मिळत नाही, हे कारण त्या शिकलेल्या मुलाला ठाऊक असतं. पण त्या आवाजाचा आणि आपल्या आकृतीचा संबंध त्याला कुणी कधी दाखवलेला नसतो. उलट वायरमनला आवाज ओळखता येतो, मात्र तशीच मोटर चालू ठेवली तर किती वेळात जळेल आणि ती वेळीच बंद पाडायला कुठला रिले बसवावा, हे पुस्तकातलं ज्ञान त्याच्यापर्यंत पोचत नाही. दोघांकडे अर्धा-अर्धा रुपया आहे.

दुसरा फरक चूक कळण्याचा. बाजारात चूक झाली की गिऱ्हाईक तिथल्या तिथे बोलतं, किंवा संध्याकाळी गल्ल्यात पैसे कमी भरतात. शाळेत चूक दोन महिन्यांनी लाल शाईत परत येते, तोवर पोरगं आपण काय विचार केला होता तेही विसरलेलं असतं. बाकीचे फरकही आहेत, जसं की शाळेत शेजाऱ्याला विचारलं तर कॉपी, आणि कामावर विचारलं नाही तर मूर्खपणा. पण हे दोन मुख्य.

व्याजाचंच उदाहरण पुढे नेतो, कारण त्यात शिकलेले आणि न शिकलेले सारखेच फसतात. समजा कुणी 12,000 रुपयांचं कर्ज घेतलं. देणारा म्हणतो, "वर्षाला फक्त 12 टक्के, फ्लॅट रेट." आपलं शाळेतलं सूत्र काढा: मुद्दल गुणिले दर गुणिले काळ भागिले शंभर. व्याज 1,440. एकूण 13,440, बारा हप्ते, महिन्याला 1,120. सूत्र बरोबर, उत्तर बरोबर, आणि माणूस फसलेला.

कसा, ते बघा. शाळेच्या उदाहरणात मुद्दल वर्षभर तुमच्याकडे राहते आणि शेवटी एकदम परत करायची असते. इथे तुम्ही दर महिन्याला थोडी थोडी परत करत आहात. सहाव्या-सातव्या महिन्यात तुमच्याकडे त्यातले निम्मेच पैसे उरलेत, तरी व्याज चाललंय पूर्ण 12,000 वर. घटत्या शिल्लकीवर मोजलं तर हाच दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो. पदवीधर माणूस सूत्र घोकून आलेला असतो, पण "मुद्दल वर्षभर तेवढीच राहते का?" हा प्रश्न विचारायची त्याला सवय नसते. बचत गटातल्या बाईला आपण फसतोय असा वास येतो, पण ते आकड्यात मांडून साहेबापुढे ठेवणं तिला कुणी शिकवलेलं नसतं. वर्गात व्याजाचा धडा शिकवताना एक खरं कर्जपत्र फळ्यावर लावलं असतं तर? मी गेली दोन वर्षं लावतो. मुलं घरून कागद आणतात, नाव झाकतात, आणि आम्ही हप्ता मोजतो. एका पालकांनी त्या हिशेबानंतर दुसरीकडून कर्ज घेतलं, हे मला माझ्या निकालाच्या टक्केवारीहून मोठं वाटतं.

जिथे जीव आणि पैसा अडकतो, तिथे

गंमत अशी की नुसतं वर्गातलं शिक्षण पुरत नाही हे समाजाला पक्कं माहीत आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं झाल्यावर एक वर्ष इंटर्नशिप केल्याशिवाय कुणाला पूर्ण डॉक्टर मानत नाहीत. सीए व्हायचं तर कुणाच्या तरी हाताखाली आर्टिकलशिप करावीच लागते, पेपर कितीही छान गेले तरी. जिथे आपला जीव किंवा पैसा अडकलाय तिथे आपण नुसत्या गुणपत्रिकेवर विसंबत नाही. मग बीकॉम झालेला मुलगा तीन वर्षांत एकदाही खऱ्या दुकानाची खतावणी न बघता बाहेर पडतो, हे आपण कसं चालवून घेतो? त्या मुलाचं आयुष्य कमी मोलाचं आहे का?

याचं एक कारण कडू आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. आपल्या समाजात लेखणी धरणारे हात आणि हत्यार धरणारे हात पिढ्यानपिढ्या वेगळ्या जातींचे होते. ज्ञान एकीकडे आणि कसब दुसरीकडे, मध्ये भिंत. जोतिराव फुल्यांनी ही भिंत नेमकी ओळखली होती. 1882 साली इंग्रज सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी आणि बाळबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब, शेतीची प्राथमिक माहिती आणि आरोग्याचे धडे मागितले. शिक्षक कसा हवा, तर वेळ आली तर नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हातात धरायला ज्याला लाज वाटणार नाही असा. पुढे 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी हाच धागा नई तालीम म्हणून पुढे नेला. हस्तव्यवसायातून सगळे विषय शिकवायचे, ही तिची कल्पना. ती फार शाळांत रुजली नाही. माझ्या समजुतीप्रमाणे, "आमच्या पोरांनी शिकूनही सूतच कातायचं का?" ही बहुजन पालकांची शंका त्यात मोठी होती आणि ती चुकीची नव्हती. साहेबाची मुलं इंग्रजी शाळेत जात असताना शेतकऱ्याच्या मुलाला टकळी दिली, तर तो संशय घेणारच.

म्हणून मला पाबळचं काम जास्त जवळचं वाटतं. हिंदुस्तान लिव्हरमधली संशोधकाची नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातल्या या दुष्काळी गावात विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत न रमलेली मुलं तिथे एक वर्ष राहून अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य अशी चारही अंगं हाताने काम करत शिकतात. पुढे याच धर्तीचा विषय आठवी ते दहावीच्या मुलांसाठी महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत गेला. त्यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मुलं गावासाठी खरी कामं करतात आणि त्याचे पैसे घेतात. फाटक वेडंवाकडं झालं तर गुण कापले जात नाहीत, गिऱ्हाईक ते परत आणतं.

आणि तिथेच पुस्तक उघडायची वेळ येते. चौकट जोडली, पण ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे का? समोरासमोरच्या बाजू सारख्या असल्या की दोन्ही कर्ण मोजायचे, तेही सारखे आले तर चारही कोन काटकोन. गवंडी पायाची आखणी करताना दोरीवर तीन, चार आणि पाच फूट धरतो, तेच पायथागोरसचं प्रमेय. ज्या मुलाने चौकट आधी चुकवली आहे त्याला हे प्रमेय समजावून सांगावं लागत नाही, तो मागून घेतो. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांबरोबर दहा दिवस बिनदप्तराचे सांगितले आहेत. चांगलं आहे. पण दहा दिवसांत कारागीर भेटतो, काम हातात बसत नाही.

आपल्याकडे हा पूल एके काळी भाषेतच होता. माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी असे अपूर्णांकांचे पाढे सगळे तोंडपाठ होते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेर-पावशेर अशा व्यवहारासाठीच ते पाढे बनले होते. 1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो-ग्रॅम आले, आणि हे पाढे शाळेतून हळूहळू गेले. ती शाळा फार थोड्यांसाठी होती आणि छडीवर चालायची, तिचे गोडवे मला गायचे नाहीत. पण दिडकी येणाऱ्याला 28 दिडे 420 कधीच वाटलं नसतं.

त्या मुलाची गोष्ट अर्धी राहिली. पुढच्या आठवड्यात मी माझं बाजाराचं बिल फळ्यावर लिहिलं आणि त्याला विचारलं, "टोमॅटोचे 42 कसे काढलेस?" तो म्हणाला, "28 चे निम्मे 14. 28 आन् 14 बेचाळीस." मी शेजारी लिहिलं: 28 × (1 + 0.5) = 28 + 14. म्हटलं, याला पुस्तकात वितरण गुणधर्म म्हणतात, तू तो रोज वापरतोस. तो बराच वेळ बघत राहिला. मग मागच्या आठवड्याचं वहीत उतरवून घेतलेलं 420 काढून म्हणाला, "सर, टिंब राहिलं होतं."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, "मग काट्यावर एक किलो 370 ग्रॅम आलं तर?" त्याने तोंडी सुरुवात केली, मध्येच अडला, आणि मी काही म्हणायच्या आत खडू उचलून गुणाकार मांडायला लागला. 38.36 आलं. या वेळी खडू खाली ठेवायच्या आधी तो थांबला. "सव्वा किलोचे पस्तीस, दीडचे बेचाळीस," तो स्वतःशीच पुटपुटला, "मधलं हाय." आणि उत्तराखाली रेघ मारली.